मॅरियनच्या आमदार

परदेशात मराठी माणूस निवडून आला की आपल्याकडे त्याची बातमी ठरलेल्या क्रमाने येते. आधी गाव, मग शाळा, मग अटकेपार झेंडे, आणि शेवटी पेढा भरवणाऱ्या एखाद्या मामेभावाचा फोटो. त्या माणसाने पुढे तिथे काय केलं, कुठल्या विधेयकावरून भांडण काढलं, हरला असेल तर कशामुळे हरला, याची कुणी फारशी चौकशी करत नाही. स्वाती दांडेकर २००२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या, तेव्हा त्या 'नागपूरच्या' होत्या. आजही त्यांचं नाव निघालं की माझ्या ओळखीतले लोक नागपूरपासून सुरुवात करतात आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

त्यांच्या कारकिर्दीचं मला जे आकर्षण वाटतं त्याचा नागपूरशी फार संबंध नाही. तो आयोवातल्या मॅरियन नावाच्या एका लहानशा शहराशी आहे. सीडर रॅपिड्सला चिकटून असलेलं, मक्याच्या शेतांकडे हळूहळू पसरत गेलेलं हे गाव. सीडर रॅपिड्समध्ये ओट्सचा प्रचंड कारखाना आहे आणि वारा फिरला की भाजक्या धान्याचा वास गावभर येतो.

आधी 'आमदार' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे उभं राहतं ते बाजूला ठेवायला हवं. पांढरी गाडी, मागे पाच-सहा कार्यकर्ते, चौकातलं वाढदिवसाचं होर्डिंग, यातलं काही तिथे नाही. आयोवाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, प्रतिनिधिगृहात जागा १००. म्हणजे एका आमदारामागे साधारण तीस हजार माणसं. नागपूर महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत ३८ प्रभाग होते आणि त्यातला सरासरी प्रभागसुद्धा आयोवाच्या आमदाराच्या मतदारसंघाच्या दुप्पट होता. वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, ५० जण. दांडेकर सिनेटमध्ये होत्या तेव्हा साध्या सदस्याचा पगार वर्षाला २५ हजार डॉलर होता. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. विषम साली ११० दिवस आणि सम साली १०० दिवस भत्ता मिळतो, पुढे कामकाज कितीही लांबलं तरी भत्ता बंद. लोकांची कामं वेळेत व्हावीत म्हणून केलेली ही योजना मला फार आवडते, जरी २०११ साली ती लागू पडली नाही आणि मंडळी जूनअखेरपर्यंत भांडत बसली. अमेरिकेत अशी पन्नास राज्यं आणि त्यांच्या पन्नास तऱ्हा. न्यू हॅम्पशायरमध्ये खालच्या सभागृहात ४०० जण बसतात आणि त्यांना वर्षाला १०० डॉलर मिळतात. नेब्रास्काने दुसरं सभागृहच ठेवलेलं नाही. सगळ्या राज्यांचे मिळून सात हजारांहून जास्त आमदार आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची नावं शेजारच्या जिल्ह्यातही कुणाला माहीत नसतात.

आयोवाची राजधानी डे मॉइन. तिथलं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, मी एकदा अधिवेशन चालू असताना पाहिलं. बाहेरून इमारत डोळे दिपवते. पाच घुमट आहेत आणि मधल्याला खऱ्या सोन्याचा वर्ख. आत कायद्याचं ग्रंथालय आहे, त्याच्या नक्षीदार लोखंडी चक्री जिन्यापाशी शाळेच्या सहलींची गर्दी. पण मी अडकलो ते सभागृहाच्या दाराशी. इथे बहुतेक आमदारांना स्वतंत्र ऑफिस नाही. सभागृहातलं लाकडी टेबल हेच त्यांचं ऑफिस, आणि त्यांच्या मदतनिसाची खुर्चीही तिथेच. भेटायचं असेल तर बाहेर एक चिठ्ठी भरायची, स्वतःचं नाव, आमदाराचं नाव, आणि ती दारावरच्या माणसाकडे द्यायची. हे दारवान बहुतेक निवृत्त गृहस्थ. त्या दिवशी जॉन डिअरची हिरवी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने चिठ्ठी दिली आणि कठड्याला टेकून उभा राहिला. काही वेळाने एक आमदार बाई हातात अर्धा राहिलेला सँडविच घेऊन बाहेर आल्या. दोघांचं बोलणं गावाबाहेरच्या कुठल्याशा पुलावर चाललं होतं. पुलावरून किती टनांची गाडी जाऊ द्यावी, धान्याची गाडी वळसा घालून नेली तर डिझेल किती जळतं. बाई उभ्यानेच कागदावर टिपून घेत होत्या. पाच-सात मिनिटांत टोपीवाले आजोबा निघून गेले. ना सोफा, ना पीए, ना 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'.

दांडेकरांची नऊ वर्षं अशाच टेबलाशी आणि अशाच कठड्याशी गेली.

त्या १९७३ साली आयोवात आल्या. नागपूर विद्यापीठाची विज्ञानाची पदवी, मुंबईत आहारशास्त्राचा अभ्यास, लग्न आणि मग ही बर्फाळ जागा. पुढची वीस-बावीस वर्षं त्या काळी अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी बायकांसारखी गेली असावीत. मुलं, शाळा, शाळेतली स्वयंसेवकाची कामं. फरक पडला तो १९९६ मध्ये, त्या लिन-मार शालेय जिल्ह्याच्या मंडळावर निवडून आल्या तेव्हा. आपल्याकडे याला समांतर असं काही नाही. हे मंडळ लोकांनी निवडलेलं असतं, ते अधीक्षक नेमतं, अंदाजपत्रक ठरवतं, घरपट्टीतला किती हिस्सा शाळेला घ्यायचा याचा निर्णय करतं, आणि आयोवाच्या कायद्याप्रमाणे सदस्यांना एक पैसाही मानधन मिळत नाही. गाव वाढत होतं, वर्ग अपुरे पडत होते. नवी शाळा कुठे बांधायची आणि तिचे पैसे कुणाच्या घरपट्टीतून काढायचे, यावरून ज्यांच्याशी वाद घालायचे तेच लोक दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात रांगेत पुढे उभे. सहा वर्षं हे केल्यावर माणसाला राजकारण शिकवायला वेगळा गुरू लागत नाही.

२००२ साली त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभ्या राहिल्या आणि प्रचाराच्या अखेरीला एक ईमेल बाहेर आली. रिपब्लिकन उमेदवार बाईंनी त्यात लिहिलं होतं त्याचा आशय असा: मी इथे आयोवात वाढत होते, झेंड्यासमोर निष्ठेची शपथ म्हणत होते, तेव्हा स्वाती भारतात, अजूनही चालू असलेल्या जातिव्यवस्थेत वाढत होती. या राज्याचे कायदे करायला ती कशी लायक ठरेल?

हे वाचून आपल्याला राग येतो आणि तो रास्त आहे. पण मी या वाक्यापाशी जरा जास्त वेळ थांबतो. आपण उसळतो ते 'जातिव्यवस्था' या शब्दावर, आणि त्याबद्दल मात्र त्या बाई खोटं बोलत नव्हत्या. १९५० आणि ६० च्या दशकातल्या नागपुरात जात होती, आणि ती मोडायला निघालेली माणसंही होती. १९५६ साली दीक्षाभूमीवर जे घडलं ते त्याच शहरात. त्यामुळे 'आमच्या संस्कृतीचा अपमान' वगैरे ओरड करण्यात मला तथ्य वाटत नाही. ईमेल विषारी होती ती दुसऱ्या कारणाने. तिच्यात दांडेकरांच्या आयोवातल्या एकोणतीस वर्षांना किंमतच नव्हती. शाळेच्या मंडळावर काय केलं, घरपट्टीबद्दल काय भूमिका घेतली, यातल्या एकाही गोष्टीवर टीका नाही; माणूस कुठे जन्मला एवढ्यावर त्याचा निकाल. आणि हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण आपल्या पेढेवाल्या बातम्यांतही नेमकं तेच असतं. त्यांनी जन्मगावावरून नापास केलं, आपण त्याच जन्मगावावरून पहिला नंबर देतो.

मॅरियनच्या लोकांनी मात्र शाळेच्या मंडळावरची बाई ओळखली आणि निवडून दिली.

पुढची चार वर्षं अल्पमतातली. आयोवाच्या विधिमंडळात 'फनेल' नावाची एक मुदत असते. ठरावीक शुक्रवारपर्यंत समितीतून बाहेर न पडलेलं विधेयक त्या वर्षापुरतं मेलं. महिन्याभराने दुसरा फनेल येतो, तोवर दुसऱ्या सभागृहाच्या समितीतूनही ते सुटायला हवं. त्यामुळे अल्पमतातल्या आमदाराची बहुतेक बाळं मार्चच्या सुरुवातीलाच दगावतात. मग दुसऱ्याच्या विधेयकात एखादी दुरुस्ती घुसवायची, समितीच्या अध्यक्षाशी गोडीत राहायचं, आणि शनिवारी दोन तास गाडी हाकत मॅरियनला येऊन लोकांसमोर उत्तरं द्यायची. २००४ नंतर प्रतिनिधिगृहात ५१ विरुद्ध ४९ अशी चुरस होती. २००६ मध्ये डेमोक्रॅट्सना ५४ जागा मिळाल्या, आणि दोन्ही सभागृहं व गव्हर्नर असं सगळंच त्यांच्या हाती कित्येक दशकांनी आलं. दांडेकर या बहुमतातल्या जरा उजव्या अंगाच्या, उद्योग-व्यापाराशी जमवून घेणाऱ्या. पक्षातल्या डाव्या कार्यकर्त्यांना त्या कधी फारशा पसंत नव्हत्या. त्यांचा मतदारसंघच तसा होता. तिथे डेमोक्रॅटला जिंकायचं तर रिपब्लिकन शेजाऱ्याची मतं लागत.

२००८ मध्ये त्या सिनेटवर गेल्या. ही जागा मेरी लंडबी या रिपब्लिकन बाईंची. २००४ च्या निवडणुकीने सिनेटमध्ये बरोबर २५-२५ अशी फाळणी केली होती, दोन्ही पक्षांनी सत्ता वाटून घेतली होती, आणि २००६ मध्ये लंडबी आपल्या पक्षाच्या बाजूने सहनेत्या झाल्या होत्या. नंतर त्यांना कर्करोगाने गाठलं, २००९ च्या जानेवारीत त्या वारल्या. म्हणजे बरोबरीत अडकलेलं सभागृह काय असतं याचा अनुभव त्या जागेला आधीपासून होता. तीन वर्षांनी ते सगळं पुन्हा उकरून निघणार होतं.

२००९ च्या एप्रिलमध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहावरची बंदी एकमताने रद्द केली. पुढच्या वर्षी मतदारांनी त्या न्यायालयातल्या तीन न्यायाधीशांना घरी पाठवलं. तिथे न्यायाधीशांनाही ठरावीक काळाने मतदारांचा कौल घ्यावा लागतो. त्याच २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेलं आणि टेरी ब्रॅनस्टॅड पुन्हा गव्हर्नर झाले. सिनेटमध्ये डेमोक्रॅट्स उरले २६, समोर २४. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, अशी घटनादुरुस्ती ६२ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर केली. सिनेटमधले बहुमताचे नेते माइक ग्रोनस्टॉल यांनी ती मतदानालाच घेतली नाही. दोन जागांच्या त्या फरकावर हजारो जोडप्यांचं लग्न टिकून होतं.

आणि त्या सप्टेंबरात दांडेकरांनी राजीनामा दिला.

गव्हर्नर ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं. वीज, गॅस, टेलिफोन कंपन्यांचे दर आणि परवाने पाहणारं हे तीन जणांचं मंडळ. पगार आमदारकीच्या कितीतरी पट. एका पक्षाचे दोनहून जास्त सदस्य घ्यायचे नाहीत असा कायदाच असल्याने रिपब्लिकन गव्हर्नरने एखादा डेमोक्रॅट नेमणं यात वावगं काही नव्हतं. पण नेमायला तोच डेमोक्रॅट का, ज्याची जागा गेली तर सिनेट पुन्हा २५-२५ होईल? हे कोडं डे मॉइनमधल्या दारवानालाही सुटलं असतं. डेमोक्रॅट्सचा संताप झाला. मॅरियनच्या पोटनिवडणुकीत बाहेरून पैसा आला, माणसं आली, टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. डेमोक्रॅट्सनी लिझ मॅथिस यांना उभं केलं. त्या भागात वर्षानुवर्षं टीव्हीवर बातम्या सांगणारा हा चेहरा घराघरात माहीत होता. ८ नोव्हेंबरला त्या जिंकल्या आणि २६-२४ कायम राहिलं.

मी या राजीनाम्याचं समर्थन करायचा बराच प्रयत्न केला आहे. साठी आली आहे, पंधरा वर्षं घरोघर फिरून झाली आहेत, सिनेटच्या वाणिज्य समितीचं काम केल्यामुळे वीज कंपन्यांचा विषय चांगला ठाऊक आहे, आणि त्याच विषयाची मोठी जबाबदारी समोर आली आहे. कुणीही हो म्हणेल. तरीही मला वाटतं की ज्या बाईंनी शाळेच्या मंडळापासून शेजाऱ्यांना तोंड देत कारकीर्द उभी केली, त्यांना हो म्हणण्याची किंमत दुसरं कुणी मोजणार हे दिसत असणार. मुदतीचं एक वर्ष उरलं होतं, तेवढं काढता आलं असतं. मॅथिस हरल्या असत्या तर आज आपण दांडेकरांच्या नऊ वर्षांबद्दल असं निवांत बोललो नसतो. अर्थात हे मत मी माझ्या खुर्चीत बसून देतो आहे, आणि तिथल्या आमदाराच्या पगारावर नऊ वर्षं मी काढलेली नाहीत.

ही नाराजी पक्षात मुरली. २०१३ मध्ये त्यांनी बोर्ड सोडलं आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या. ब्रूस ब्रेली यांनी सोडलेली जागा, पक्षांतर्गत निवडणुकीत पाच उमेदवार, त्यात तीन बायका. आयोवाने तोपर्यंत एकाही बाईला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पाठवलं नव्हतं. नियम असा की कुणालाच ३५ टक्के मतं मिळाली नाहीत तर उमेदवार पक्षाचं अधिवेशन ठरवतं. पाच जणांत ते सहज घडलं असतं. पण राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती पॅट मर्फी यांनी जून २०१४ मध्ये ती रेघ ओलांडली आणि दांडेकरांची निवडणुकीची गोष्ट तिथे संपली. पुढे ओबामांनी त्यांना आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या कार्यकारी संचालक म्हणून मनिलाला पाठवलं. आपल्या वर्तमानपत्रांच्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं पद. मला मात्र मनिलापेक्षा तो युटिलिटीज बोर्डाचा फाटा अधिक विचार करायला लावतो, आणि त्याचं कारण कुमार बर्वे.

बर्वे हे राज्याच्या कायदेमंडळात निवडून आलेले पहिले भारतीय वंशाचे अमेरिकन. १९९० साली मेरीलँडमधून, राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या माँटगोमेरी काउंटीतून. जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडीचा. त्यांचे पूर्वज शंकर लक्ष्मण गोखले तिथे जनरल इलेक्ट्रिकमध्ये चुंबकत्वावर काम करत. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही असं ठरवल्यावर सरकारने ज्यांचं नागरिकत्व काढून घ्यायला खटले भरले त्यांत हे गोखलेही होते. त्या घराण्यातला माणूस २००३ मध्ये मेरीलँडच्या प्रतिनिधिगृहात बहुमताचा नेता झाला. ज्या इमारतीत तो बसायचा ती १७७० च्या दशकातली, आणि जॉर्ज वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा राजीनामा तिथेच दिला होता.

बर्वे पेशाने हिशेबाचे. मेरीलँडचं अधिवेशन ९० दिवसांचं, एप्रिलमध्ये शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला सगळं बंद. अशी तीसहून जास्त अधिवेशनं त्यांनी काढली, शेवटची काही वर्षं पर्यावरण व वाहतूक समितीचे अध्यक्ष म्हणून. २०१६ मध्ये त्यांनाही काँग्रेसचे वेध लागले. त्या लढतीत एका उद्योजकाने स्वतःचे कोटीभर डॉलरांहून जास्त ओतले, आणि जिंकले राज्याचे सिनेटर जेमी रॅस्किन. बर्वे फार मागे पडले. २०२३ मध्ये त्यांनी आमदारकी सोडली ती मेरीलँडच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनवर जायला. म्हणजे पुन्हा विजेचे दर!

एकीचा जन्म नागपूरचा, एकाचा स्कनेक्टडीचा. एक नऊ वर्षं, एक बत्तीस. दोघेही काँग्रेसच्या उंबरठ्यावर पक्षातच अडले आणि दोघेही वीज नियामक झाले. यात योगायोग आहेच, पण थोडं राज्यांच्या राजकारणाचं गणितही आहे. वॉशिंग्टनला जायला पैसा किंवा टीव्हीवरचा चेहरा लागतो. समितीत वीस वर्षं बसून विजेच्या दराचा तक्ता वाचायला शिकलेल्या माणसाला त्या बाजारात भाव नाही. त्याची किंमत फक्त गव्हर्नरला कळते. आपल्याकडे वीज नियामक आयोगावर माजी आमदार बसला तर आपण कपाळावर हात मारू. तिकडे असा आमदार त्या कामाला बरा असतो, कारण घरमालक बिल घेऊन दारात आला तर त्याच्याशी काय बोलायचं हे तो आधीच शिकून आलेला असतो.

बेळगावचे श्री ठाणेदार यांनी दुसरी वाट दाखवली. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःच्या पैशावर उभे राहून हरले, २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात गेले, आणि एकाच मुदतीनंतर २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये पोहोचले. राज्याची आमदारकी त्यांच्यासाठी मधलं स्टेशन होतं. बर्वे आणि दांडेकर तिथे राहायला आलेले लोक.

मॅरियनच्या त्या जागेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. लिझ मॅथिस अकरा वर्षं सिनेटमध्ये टिकल्या आणि २०२२ साली त्याही काँग्रेससाठी उभ्या राहिल्या. समोर होत्या रिपब्लिकन अ‍ॅश्ली हिन्सन. मॅथिस यांच्याच टीव्ही चॅनलवर पूर्वी बातम्या देणाऱ्या, मॅरियनच्याच परिसरातून राज्याच्या प्रतिनिधिगृहात दोनदा निवडून गेलेल्या, आणि २०२० मध्येच वॉशिंग्टनला पोहोचलेल्या. हिन्सन जिंकल्या.